पानात टाकायचं नाही

(दृश्य : सराफा, रात्रीचे दहा. दागिन्यांच्या दुकानांची शटरं खाली येतात. त्याच ओट्यांवर कढया चढतात.)

इंदूरचा सराफा दिवसा सोनं विकतो आणि रात्री खाणं. शटर पडलं की ओट्यावर कोणी भुट्ट्याचा कीस परतायला लागतं, कोणी जिलबीचा घाणा घालतं. दहीवडेवाला भरलेला द्रोण हवेत उडवून झेलतो आणि थेंब सांडत नाही. बाहेरगावचे लोक हे बघायला थांबतात. माझा दादा कधी थांबला नाही. तो खायला आलेला असे.

वीस वर्षं, जवळजवळ दर शनिवारी. चार मित्र, दोन स्कूटर. सुरुवात कचोरीने, शेवट शिकंजीने. इंदूरची शिकंजी म्हणजे लिंबूपाणी नाही, दुधाची असते, दाट, मेवा घातलेली. पुण्याच्या नातेवाइकांना हे दरवेळी सांगावं लागतं, म्हणून इथेही सांगून टाकते.

त्या दादाचं जठर आता केळ्याएवढं आहे.

(दृश्य : लोकमान्यनगरमधलं घर. ओट्यावर स्टीलच्या वाट्यांची उतरंड, सगळ्यात वर एक अगदी लहान वाटी.)

चित्रीकरणाला दादाने दोन अटी घातल्या. नाव घ्यायचं नाही, आणि बनियनवर शूट करायचं नाही. दुसरी अट मी तीनदा मोडली.

वजन कमी करायच्या ऑपरेशनच्या आधी त्याचं वजन १३१ किलो होतं. मधुमेह होता, गुडघे होते, पण निर्णय झाला तो घोरण्यावरून. झोपेत त्याचा श्वास मध्येच थांबायचा. वहिनी जागी राहून मोजायची. एक, दोन, तीन... कधी वीसपर्यंत जायची. मग तो दचकून श्वास घ्यायचा आणि पुन्हा झोपायचा. ती नाही झोपायची. "अहो, मला एक रात्र पूर्ण झोपायचंय," एवढंच ती म्हणाली होती.

श्रावणाच्या पहिल्या आठवड्यात ऑपरेशन झालं. पोटावर चार-पाच लहान छेद, दुर्बिणीतून काम. जठराचा तीन चतुर्थांशाहून जास्त भाग उभा कापून काढतात आणि अरुंद नळीसारखा भाग ठेवतात. याला स्लीव्ह म्हणतात, म्हणजे बाही. भूक लागल्याचा निरोप मेंदूला देणारं घ्रेलिन नावाचं संप्रेरक मुख्यतः या कापलेल्या भागात तयार होतं. त्यामुळे सुरुवातीला बहुतेकांना भूक जवळजवळ लागतच नाही.

हे ऐकून आम्हाला वाटलं होतं, मग काय, सुटलोच.

(दृश्य : हॉस्पिटलच्या कॉरिडॉरमध्ये पाठमोरा दादा, सलाईनचा स्टँड ढकलत.)

दुसऱ्या दिवशी दुखलं ते पोट नाही, खांदा. दुर्बिणीला जागा व्हावी म्हणून पोटात वायू भरतात. उरलेला वायू छाती आणि पोटामधल्या पडद्याला चाळवतो आणि कळ खांद्यात येते. चाललं की कमी होते, म्हणून चालायचं. ते त्याने केलं.

तिसऱ्या रात्री मात्र तो म्हणाला, "मी हे का केलं गं?"

हा प्रश्न डॉक्टरांना नवा नसतो. पहिल्या काही दिवसांत पश्चात्ताप वाटणारे पुष्कळ असतात. शरीर थकलेलं, भूल उतरलेली, खाणं बंद, आणि केलेली गोष्ट उलटी फिरवता न येणारी. वजन कमी व्हायला वेळ असतो, नुकसान मात्र आज समोर दिसतं. पण हे आम्हाला आधी कोणी नीट सांगितलं नव्हतं. जखमेची काळजी कशी घ्यायची याचा कागद मिळाला. रडू आलं तर काय करायचं, ते त्या कागदावर नव्हतं.

(दृश्य : मोबाइलचा अलार्म. औषधाच्या बाटलीचं टोपण, त्यात ताकाची निवळी.)

घरी आल्यावर दोन आठवडे फक्त पातळ. डाळीवरचं पाणी, नारळपाणी, ताकाची निवळी, प्रोटीन पावडर. एका वेळी ३० मिलिलिटर, तेही घोट-घोट करत पंधरा मिनिटांत. अलार्म वाजला की दादा टोपणभर पाणी प्यायचा, आणि टोपण खाली ठेवायच्या आत पुढचा अलार्म वाजणार असं वाटायचं.

भूक नव्हती, ते खरं. पण सकाळी कोपऱ्यावरच्या ठेल्यावरून वाफवलेल्या पोह्यांचा वास आला की तो गॅलरीत जाऊन उभा राहायचा. इथे पोहे पातेल्यावर वाफेवर ठेवतात, वरून शेव आणि जीरावन मसाला. तो वास घरात आल्याशिवाय त्याची एकही सकाळ उजाडलेली नव्हती. आहारतज्ज्ञ बाईंनी फरक सांगितला होता: पोटाची भूक हळूहळू येते आणि तिला काहीही चालतं, मनाची भूक एकदम येते आणि तिला कचोरीच लागते. दादा म्हणाला, "पहिली कापून काढली, दुसरी आतच राहिली."

आम्ही त्यात भर घातली. त्याला त्रास नको म्हणून आम्ही स्वयंपाकघरात उभ्याउभ्या, दार लोटून जेवायला लागलो. भांड्याचा आवाजही होऊ द्यायचा नाही. चौथ्या दिवशी तो दार ढकलून आत आला. "मी मेलोय का? सुतकासारखे काय जेवता!"

त्या रात्रीपासून सगळे टेबलावर. दादाला त्याच्या मुलीने आपल्या भातुकलीतली वाटी दिली. तीच ती, उतरंडीतली सगळ्यात वरची.

(दृश्य : वजनकाटा. १२१.४. दुसऱ्या दिवशी १२१.४.)

तिसऱ्या आठवड्यात काटा थांबला. एक नाही, नऊ दिवस. सुरुवातीला शरीर साठवलेलं ग्लायकोजेन वापरतं, आणि प्रत्येक ग्रॅमबरोबर तीन-चार ग्रॅम पाणीही जातं. म्हणून आधी वजन भराभर उतरतं आणि मग शरीर पाणी धरून ठेवायला लागतं. चरबी जातच असते, काटा ते दाखवत नाही. हे सगळं मी दादाला समजावलं. त्याने ऐकून घेतलं आणि काटा पलंगाखाली सरकवला. "पोटही गेलं आणि वजनही जात नाही," म्हणाला, आणि रडला. मी त्याला बाबा गेल्यानंतर पहिल्यांदाच रडताना पाहिलं. कॅमेरा बंद केला, म्हणून ते दृश्य नाही.

नातेवाइकांना हर्नियाचं ऑपरेशन सांगितलं होतं. एका काकांना खरं कळलं. ते फोनवर म्हणाले, "अरे, रोज पिपल्यापाल्याला जाऊन चार चकरा मारल्या असत्या तर?" पिपल्यापाला हे आमच्याकडचं तलावाकाठचं उद्यान. दादाने वीस वर्षांत किती डाएट केले, किती किलो घालवले आणि किती परत आणले, याचा हिशेब त्या काकांकडे नव्हता. लठ्ठपणा आळशीपणातून येतो असं ज्यांना वाटतं, त्यांना ऑपरेशन ही पळवाट वाटते. माझं मत विचाराल तर, टोपणातून पाणी पिऊन राहणं ज्याला सोपं वाटतं त्याने एक आठवडा राहून दाखवावं.

मित्रांनी प्रेमानेच घोटाळा केला. "अरे भिया, खा नहीं सकता तो पी तो सकता है," म्हणून एक बिअर घेऊन आला. वहिनीने त्याला जिन्यातूनच परत पाठवलं. तिचं बरोबर होतं. या ऑपरेशननंतर दारू रक्तात लवकर आणि जास्त चढते, आणि जेवणाचा आधार गेलेली काही माणसं दारूच्या आधाराला जातात. ते लगेच नाही, पुढे वर्ष-दोन वर्षांनीही घडतं.

(दृश्य : गणपतीची आरास. ताटात उकडीचे मोदक.)

गणपती आले तेव्हा चौथा आठवडा संपत होता. मऊ, कुस्करलेलं खाणं सुरू झालं होतं. मोदक त्यात बसत नाही. पण आई चौऱ्याहत्तर वर्षांची आहे, आणि तिच्या हातचा पहिला मोदक देवानंतर दादाला जातो, हे तो चालायला लागल्यापासून चालू आहे. तिने पान समोर धरलं. "अर्धा घे. प्रसाद आहे."

त्याने घेतला. उकडीची पारी चिकट, जागा अरुंद. पाच मिनिटांत छाती आवळल्यासारखी झाली, तोंडाला फेसाळ लाळ सुटली, आणि मग उलटी. मोदक निघाला, धोका नव्हता. पण उलट्या थांबतच नसतील तर वाट बघायची नसते. पाणी तर कमी पडतंच, शिवाय बी-१ जीवनसत्त्व संपून मेंदूवर परिणाम होऊ शकतो. अशा वेळी तडक हॉस्पिटल.

त्या दिवशी आई कोणाशी बोलली नाही. रात्री मला म्हणाली, "मला दुसरं काही येत नाही गं. त्याच्यासाठी करायचं म्हणजे मी काय करू?"

या सगळ्या महिन्यात मला सापडलेलं सगळ्यात खरं वाक्य हेच. आमच्या घरात रागावलेल्याला शिरा करतात, परीक्षेला निघालेल्याला दही देतात. 'जेवलास का' हा प्रश्न नसतो, चौकशी असते. पानात काही टाकायचं नाही, ही आईची एकच शिस्त. तिथे एक माणूस दोन चमच्यांनंतर 'पुरे' म्हणतो, तेव्हा नकार खाण्याला मिळतो, पण लागतो माणसाला. आणि देणारा दुखावला हे त्या 'पुरे' म्हणणाऱ्याला दिसत असतं.

(दृश्य : गच्ची, रात्र. प्लास्टिकची खुर्ची.)

ऑपरेशनच्या आधी एका मानसतज्ज्ञांनी दादाशी बोलणं केलं होतं. रात्री उठून खाता का, उदास असताना खाता का, असे प्रश्न. दादाने सगळ्याला 'नाही' म्हटलं होतं. "मला पास व्हायचं होतं." मोदकाच्या प्रसंगानंतर वहिनीने त्यांना पुन्हा फोन लावला. या वेळी तो खरं बोलला. त्यांनी एक वही करायला सांगितली: खावंसं वाटलं की वेळ लिहायची आणि त्याआधी काय झालं ते लिहायचं. आठ दिवसांत दिसलं की बहुतेक नोंदी रात्री साडेनऊच्या आहेत. जेवण झालेलं, बातम्या संपलेल्या, बोलायला कोणी नाही.

म्हणून साडेनऊला गच्ची. दादा फेऱ्या मारतो, आई खुर्चीत बसून मोजते. वाढायची सवय असलेली बाई मोजण्यातही आग्रह करते. "अजून दोन. माझ्यासाठी."

सगळ्यांचं असं गच्चीवर भागत नाही, तेही सांगते. काही मोठ्या अभ्यासांत असं दिसलंय की या शस्त्रक्रियांनंतर स्वतःला इजा करून घेण्याचं प्रमाण इतरांपेक्षा जास्त असतं, आणि धोका पहिल्या महिन्यांपुरता नसतो. आधीपासून नैराश्याची गोळी चालू असेल तर ती मनाने बंद करायची नाही. पोटाची रचना बदलली की औषध शोषलं जाणंही बदलू शकतं, मात्रा डॉक्टर ठरवतील. दोन आठवडे सलग काहीच नकोसं वाटत असेल तर पुढच्या वजनतपासणीची वाट बघू नका. सरकारची टेली-मानस सेवा १४४१६ या नंबरवर चोवीस तास असते, फोन फुकट लागतो, मराठीतही बोलता येतं.

(दृश्य : अनंत चतुर्दशी. राजवाड्याजवळ झाँक्या, दिव्यांची रोषणाई, गर्दी.)

सहावा आठवडा. या रात्री इंदूर झोपत नाही. कापड गिरण्यांच्या झाँक्या, म्हणजे चालते देखावे, निघतात. गिरण्या केव्हाच बंद पडल्या, कामगार म्हातारे झाले, झाँक्या निघतातच. राजवाड्यापासून सराफा दोन मिनिटांवर. दादा म्हणाला, "चल."

वहिनीने हो म्हटलं. ती आजकाल झोपते, त्यामुळे तिचा स्वभाव सुधारलाय.

त्याने दहीवडा घेतला. दोन चमचे दही, वड्याचा एक कोपरा. चावला, चावला, चावला. तिसरा चमचा अर्ध्यावर आणून परत द्रोणात ठेवला.

"कसा आहे?" मी विचारलं.

"तोच आहे."

मग तो द्रोण घेऊन ओल्या कचऱ्याच्या डब्यापाशी गेला. इंदुरात ओला-सुका वेगळा टाकायचा हे लहान पोरालाही कळतं, त्यामुळे डबा शोधण्यात वेळ गेला नव्हता. तरी तो तिथे उभा राहिला. द्रोण हातात, पाऊण भरलेला. मागून ढोल. मी मोजलं नाही, पण चित्रीकरणात तीन मिनिटं आहेत.

शेवटी त्याने हात सोडला. माझ्याकडे बघितलं, कॅमेऱ्याकडे नाही.

"आईला सांगू नकोस."