कूस बदलली की घर फिरतं

पहाटेची वेळ. अंबाजोगाई तालुक्यातलं एक गाव. मावशी बाजेवर उजव्या कुशीला वळल्या आणि वरचे पत्रे गरगर फिरले. वीसेक सेकंद, मग थांबले. नंतर फळीवरचा डबा काढायला मान वर केली, तर पुन्हा तेच.

गावात निदान फुकट मिळतं. अशक्तपणा आहे, सलाईन लावा. मणक्यात गॅप आहे, पट्टा बांधा. शेजारीण म्हणाली, बाहेरचं बघून घ्या. मावशींनी तीन आठवडे चकरेच्या गोळ्या खाल्ल्या. झोप आली, चक्कर राहिली.

कानाच्या डॉक्टरांनी मात्र एकच गोष्ट खोदून विचारली: चक्कर नेमकी केव्हा येते? कूस बदलताना? मान वर करताना? इथेच अर्धं निदान झालं.

कानाच्या आत पाण्यासारख्या द्रवाने भरलेल्या तीन वाकड्या नळ्या असतात. शेजारच्या कप्प्यात कॅल्शियमचे, म्हणजे चुन्याच्याच जातीचे, अगदी बारीक खडे चिकटलेले असतात. वयाने किंवा डोक्याला मार लागून ते सुटतात आणि नळीत शिरतात. मग डोकं हललं की खडे घरंगळतात, द्रव ढवळतो आणि मेंदूला खबर जाते: आपण फिरतोय.

आता हे बघा. मावशींची मान उजवीकडे 45 अंश वळवून त्यांना झटकन उताणं झोपवलं, डोकं टेबलाच्या कडेखाली. डॉक्टरांचं लक्ष डोळ्यांवर. काही क्षण काहीच नाही. मग बुबुळं झटके देत फिरू लागली. डिक्स आणि हॉलपाईक या दोन डॉक्टरांनी 1952 मध्ये मांडलेली ही तपासणी. एमआरआयची गरज पडली नाही.

उपचारही तिथेच. डोकं डावीकडे, मग अंगासकट डाव्या कुशीवर, तोंड जमिनीकडे, मग उठून बसायचं. प्रत्येक टप्प्यावर अर्धा-एक मिनिट थांबायचं. सूप हलवून ज्वारीतला खडा कडेला आणावा, तसा खडा नळीतून मूळ कप्प्यात परत. अमेरिकेतल्या डॉक्टर जॉन एप्लींची ही युक्ती. खडे पुन्हा सुटू शकतात, तेव्हा पुन्हा हेच.

पण जीभ अडखळली, एकाचे दोन दिसले, हातापायातलं बळ गेलं, तर ती चक्कर कानाची समजू नका. तडक मोठा दवाखाना गाठा.

उठून बसल्यावर मावशींनी विचारलं, "गोळी कोणती देता, डॉक्टरसाहेब?"

"कोणतीच नाही."

मावशींचा चेहरा पडला. "मग एवढ्या लांबून आले कशाला?"