डबकं लागलं तर मधून चला

श्रोतेहो, नमस्कार. पाऊस जरा उघडला की इंदूरकराचा पाय घरात ठरत नाही. पोहे-जिलेबी आटोपायची आणि गाडी महूच्या रस्त्याला लावायची. चोरल, पाताळपाणीचा धबधबा, नाहीतर जानापावचा डोंगर. जावंच. माझी तक्रार जाण्याबद्दल नाही, चालण्याबद्दल आहे.

जानापाव म्हणजे आपल्या चंबळेचा उगम. मागे चढताना वाटेत डबकं लागलं. आम्ही सगळे बूट सांभाळत कडेच्या गवतावरून गेलो. हो, मीसुद्धा. उतरताना पाहतो तर त्या गवताचा चिखल झालेला, आणि मागून आलेली मंडळी त्याच्याही पलीकडून चाललेली! सकाळची हातभर पायवाट दुपारी चार हात झाली होती.

आपली माळव्याची काळी माती पाणी प्यायली की फुगते. भेगा मिटतात, मग पाणी खाली जिरत नाही, वरच्या थराचं लोणी होतं. त्यावर पाय पडले की माती दबते आणि ऊन लागल्यावर विटेसारखी घट्ट होते. तिथे गवत कुठून रुजणार? पुढच्या पावसात पाणी त्याच खळग्यांतून धावतं आणि पायवाटेचा ओहोळ होतो.

अमेरिकेत व्हरमाँटला बर्फ वितळताना असंच होतं. वरची माती सुटते, खालची गोठलेलीच, पाणी मध्ये अडकतं. या चिखलाच्या दिवसांना तिथले लोक पाचवा ऋतू म्हणतात आणि डोंगरातल्या बऱ्याच वाटा तेव्हा बंद ठेवतात. आपल्याकडे कोण बंद करणार? ‘डग डग रोटी, पग पग नीर’, म्हणजे पावलोपावली भाकरी नि पाणी, ही माळव्याची म्हण घोकत आपण निघालेलोच असतो.

तेव्हा डबकं लागलं तर सरळ मधून चला. पाऊल घोट्यापर्यंत रुतायला लागलं तर परत फिरा, दोन-चार दिवस उघडीप मिळाल्यावर या. आणि पायवाटेवर मोटरसायकल घालू नका, भिया! एका चाकाची चाकोरी पुरते पाण्याला.

पाताळपाणीला मात्र चिखलाची नाही, जिवाची गोष्ट. जुलै 2011 मध्ये तिथे अचानक आलेल्या लोंढ्यात माणसं वाहून गेली. पाणी गढूळ झालं, काटक्या-पाचोळा येऊ लागला, की फोटो राहू द्या, आधी काठ गाठा.

बूट मात्र भरतील. घरी दारातच अडवतील, त्यावर माझ्याकडे इलाज नाही. नमस्कार.