तारेवरून शिरेत

हा हात बघा. मनगटापासून कोपरापर्यंत काळसर रेघ उमटलीय. केमोच्या औषधांनी आतून करपलेली ही शीर. पुढच्या खेपेला सिस्टर टुर्निकेट बांधतील, थोपटतील, आणि टोचायला जागा सापडणार नाही.

म्हणून आज या मावशींना पिक लाइन घालतायत, म्हणजे हृदयाजवळच्या मोठ्या शिरेपर्यंत पोचणारी लांब, बारीक नळी. दंडातून.

सोनोग्राफीच्या पडद्यावर दोन काळे गोल दिसतायत. प्रोब दाबला की एक चपटा होतो, ती शीर. दुसरा धडधडत राहतो, ती धमनी. जागा बधिर केलीय. बारीक सुई आत जाते. मागून गडद रक्त संथपणे येतं. शीर मिळाली.

आता तार. अर्ध्या मिलिमीटरहूनही बारीक, टोक मऊ. सुईतून तार आत सरकते, सुई बाहेर येते, तार तिथेच राहते. ही युक्ती 1953 सालची. स्टॉकहोमच्या कॅरोलिन्स्का रुग्णालयात क्ष-किरण विभागात काम करणारे तरुण डॉक्टर स्वेन-इवार सेल्डिंगर यांनी ती धमनीसाठी मांडली. त्याआधी एक तर नळी मावेल एवढी जाड सुई टोचायची, नाहीतर कातडी कापून रक्तवाहिनी उघडी करायची. सेल्डिंगर यांनी क्रम बदलला: आधी सुई, मग तार, मग तारेवरून नळी. आज अँजिओग्राफी असो, डायलिसिसची नळी असो की आयसीयूतली सेंट्रल लाइन, सगळं याच क्रमाने चालतं.

तारेवरून डायलेटर, म्हणजे वाट रुंद करणारी निमुळती नळी, आणि त्यावर चढवलेलं शीथ, म्हणजे पोकळ आवरण, आत गेलं. डायलेटर आणि तार काढली. शीथमधून मोजून कापलेली नळी सरकवली. आता नीट बघा. शीथचे दोन्ही पंख धरून ओढले, आणि शेंग सोलावी तसं ते मधोमध फाटत बाहेर आलं. नळी जागची हलली नाही.

नळीचं टोक हृदयाजवळच्या महाशिरेत आहे, एक्स-रेत दिसतंय. तिथे प्रवाह मोठा, औषध लगेच विरळ होतं.

जंतुसंसर्ग आणि गुठळीचा धोका असतो. ताप, थंडी किंवा हाताला सूज आली तर ताबडतोब दवाखाना गाठायचा.

नळी काही महिने टिकते. मग हातावरच्या शिरा संपेपर्यंत थांबायचं कशाला? केमो लांबणार असेल, तर पहिल्या खेपेलाच पेशंटला हा पर्याय सांगायला हवा. आणि गावाजवळच्या आरोग्य केंद्रातल्या सिस्टरना नळी फ्लश करायला, म्हणजे आतून धुवायला, ड्रेसिंग बदलायला शिकवायला हवं. नाहीतर त्यासाठी मावशींना दर आठवड्याला एसटीने इथवर यावं लागेल.