घंटागाडीच्या पाठीमागे

(दृश्य : पावसाळी सकाळ. दोन गडग्यांमधली पाणंद. घंटागाडी उलटी आत शिरते आहे.)

गाडी उलटी येते आहे, कारण पुढे वळायला जागाच नाही. एका अंगाला चिऱ्याचा गडगा, दुसऱ्या अंगाला भरून वाहणारं गटार. वर माडांच्या झावळ्या आणि त्यांच्यामधून घराकडे गेलेली विजेची वायर. देवगड, मालवण, वेंगुर्लं, कुठेही जा, जुन्या वाड्यांमधले रस्ते बैलगाडीच्या मापाचे आहेत. त्यांत आता हौदा बसवलेला छोटा हत्ती घालायचा, तोही रिव्हर्समध्ये.

ड्रायव्हरला आरशात दिसतात दोन्हीकडचे गडगे. बरोबर पाठीमागचं काही दिसत नाही, मध्ये हौदा आहे. आणि हेल्परचं सगळं काम तर तिथेच, हौद्याच्या पाठीमागे. बादली घ्यायची, ओतायची, रिकामी बादली पायरीवर ठेवायची आणि गाडी सरकली की तिच्यासोबत चालायचं.

त्यात छपरावरचा भोंगा. स्वच्छतेचं गाणं सकाळपासून चालू. वाडीतल्या शेवटच्या घराला ऐकू जावं म्हणून आवाज मोठा ठेवलेला असतो, पण त्याच आवाजात पाठीमागून आलेली "थांब!" ही हाक बुडून जाते. यावर उपाय फुकटचा आहे. रिव्हर्स टाकण्याआधी गाणं बंद. हेल्परने गाडीच्या मागे उभं राहायचं नाही. ड्रायव्हरच्या बाजूला, आरशात दिसेल अशा जागी उभं राहून हाताने इशारा द्यायचा. तो आरशातून दिसेनासा झाला की ब्रेक. मग तो भले तंबाखू मळायला बाजूला झाला असेल, गाडी जाग्यावर थांबली पाहिजे.

(दृश्य : चढाचा रस्ता. हेल्पर मागच्या पायरीवर लटकून उभा.)

हे दृश्य तर सगळ्यांच्या ओळखीचं. पायरीवर उभं राहून जाणं धोक्याचं आहे हे त्या माणसाला आपल्यापेक्षा जास्त चांगलं ठाऊक आहे. खड्ड्यात चाक आपटलं की ओल्या लोखंडावरून हात सुटतो. पण केबिनमध्ये जागा दोघांची आणि गाडीवर माणसं तीन. तिसऱ्याने पुढच्या वाडीपर्यंत धावत जायचं का? बेफिकीर कामगार म्हणून बोट त्याच्याकडे दाखवणं सोपं. मला तो हिशेब मुळात निविदेच्या कागदावर चुकलेला दिसतो.

(दृश्य : उंबऱ्यापाशी ठेवलेल्या पिशव्या. एका काळ्या पिशवीवर कॅमेरा स्थिरावतो.)

गाडीचे धोके निदान डोळ्यांना दिसतात. ही पिशवी मात्र बंद आहे.

तिच्यात काय असेल? रात्रीच्या माशाचे काटे, भाताचं खरकटं, नारळाची करवंटी, चहाचा चोथा. फुटलेली बरणी असेल. आजोबांना मधुमेह असेल तर इन्शुलिनची सुई असेल. गाठ घट्ट मारलेली असते, आतलं दिसत नाही. हेल्पर पिशवी उचलतो आणि मांडीला टेकवून चालतो. सुई टोचते ती बहुतेक इथेच. काच लागते तीही इथे. म्हणून जुनेजाणते हेल्पर पिशवीला खालून हात लावत नाहीत. गाठीजवळ मानेला धरायची, अंगापासून लांब ठेवायची आणि आतलं दाबून बसवायला हाताचा किंवा पायाचा वापर कधीच करायचा नाही. भरलेली पिशवी खांद्यावर टाकणं तर नकोच, तिच्यातून गळणारं पाणी मानेवर, डोळ्यांवर उडतं.

आता कुणी म्हणेल, हातमोजे असतात की. २०१६ सालच्या घनकचरा व्यवस्थापन नियमांत यादीच दिली होती : गणवेश, लांबून उठून दिसणारं जाकीट, हातमोजे, रेनकोट, योग्य पादत्राणं आणि मास्क. हे सगळं कामगाराला मिळतं आहे आणि तो ते वापरतो आहे, हे पाहणं स्थानिक संस्थेचं काम. यादी चांगली आहे. पण हातमोजे कसले, ते काही त्या यादीत नाही. सुती मोजे पहिल्या सरीत भिजतात आणि दिवसभर तोच घाण ओलावा हाताला बांधून ठेवतात. दवाखान्यातले पातळ रबरी मोजे खरकट्यापासून वाचवतात, काचेपासून नाही. तळव्याला जाड रबराचा थर असलेले मोजे काच बऱ्यापैकी अडवतात. सुई मात्र त्यांच्यातूनही जाऊ शकते. सुईपासून हेल्परला वाचवायचं असेल तर ती पिशवीतच जाता कामा नये, आणि ते ठरतं स्वयंपाकघरात.

करायचं तरी काय? तेलाची किंवा फिनेलची जाड प्लास्टिकची रिकामी बाटली घ्यायची, सुया तिच्यात टाकायच्या, झाकण घट्ट लावायचं, वर चिकटपट्टी मारून "सुया" असं लिहायचं आणि ती बाटली वेगळी द्यायची. काच जाड कागदात गुंडाळून वेगळी. सॅनिटरी पॅड कागदात नीट बांधून वेगळे. औषधं, बॅटऱ्या, डासांच्या औषधाचे डबे यांना त्याच नियमांनी घरगुती घातक कचऱ्याचा तिसरा डबा दिला होता. मोबाइलची फुगलेली बॅटरी हौद्यात दाबली गेली तर पेट घेते, आणि त्याच गाडीत खाली सुका कचरा असतो.

गाडीवरचे लोक आपल्या परीने सांगतच असतात. "वयनीनू, काच आसली तर वायली ठेवा हां!" वयनी "हो हो" म्हणून आत जातात.

(दृश्य : नळाखाली धुतला जाणारा हात.)

तरीही टोचलंच तर? जखम पिळायची नाही, तोंडाने चोखायची तर मुळीच नाही. वाहत्या पाण्याखाली साबणाने धुवायची आणि त्याच दिवशी सरकारी रुग्णालय गाठायचं. कारण एचआयव्ही टाळण्यासाठीची औषधं जितकी लवकर सुरू होतील तितकी बरी, आणि फार तर ७२ तासांच्या आत. पुढे ती २८ दिवस घ्यायची असतात. कावीळ ब चा विषाणू तर शरीराबाहेर, वाळलेल्या रक्तातसुद्धा, निदान सात दिवस जिवंत राहू शकतो. त्यावर लस आहे : पहिला डोस, महिन्याने दुसरा, सहा महिन्यांनी तिसरा. धनुर्वाताचं इंजेक्शन खिळा लागल्यावर आठवतं, ही लस कुणाला आठवत नाही. कामावर घेतानाच ती टोचून नोंद ठेवली तर अर्धी भीती कमी होईल.

(दृश्य : गमबुटातून ओतलं जाणारं पाणी. भिजून पांढरे पडलेले पाय.)

कोकण किनाऱ्यावर चार महिन्यांत तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. सपाता घालून काम करणाऱ्याचे पाय दिवसभर पाण्यात असतात आणि गमबुटात वरून पाणी शिरलं तर गमबूटवाल्याचेही. मग बोटांच्या बेचक्यांत चिखल्या होतात. कातडी सोलते, खाज सुटते. आपल्याकडे चिखल्या हा काही आजार धरत नाहीत. हळद-तेल लावायचं आणि पुढे जायचं.

पण लेप्टोचा, म्हणजे लेप्टोस्पायरोसिस या तापाचा, जंतू याच वाटेने आत येतो. उंदराच्या मुतातून तो साचलेल्या पाण्यात उतरतो आणि सोललेल्या कातडीतून, जखमेतून, डोळ्यांतून शरीरात शिरतो. भातशेतीमुळे सिंधुदुर्गाला हा ताप नवा नाही. फक्त शेतकऱ्याची लावणी आटोपते. हेल्परला उंदीर, खरकटं आणि साचलेलं पाणी यांची गाठ रोजचीच. ताप, डोकं ठणकणं, डोळे लाल आणि पोटऱ्या इतक्या दुखतात की चालवत नाही, अशी लक्षणं दिसली की मेडिकलमधून गोळी आणून अंगावर काढायचं नाही. डॉक्टरांना सांगायचं, मी कचऱ्याच्या गाडीवर काम करतो. या एका वाक्याने तपासणीची दिशा बदलते. वेळेत प्रतिजैविकं मिळाली तर माणूस बरा होतो, उशीर झाला तर मूत्रपिंडं, यकृत, फुफ्फुसं त्याच्या तावडीत सापडतात. पुरानंतर डॉक्टरांच्या सल्ल्याने आठवड्यातून एकदा डॉक्सीसायक्लिन देतात, ती गोळी गाडीवरच्या माणसापर्यंत आधी पोचायला हवी. २२ जुलै २०२१ ला चिपळूण पाण्याखाली गेलं. पाणी ओसरल्यावर घराघरातून बाहेर काढलेल्या गाद्या, धान्य, कपाटं यांचा चिखलात भिजलेला ढीग उचलायला शेवटी फावडं घेतलेला माणूसच लागला.

दोन जोड पायमोजे, पाय पुसायला कोरडं फडकं आणि काम संपल्यावर साबण-पाणी. खर्च किती येतो याला? हजेरीच्या जागी नळ मात्र हवा. कित्येक ठिकाणी तो नसतो, आणि माणसं त्याच हातांनी भाकरी सोडतात.

(दृश्य : मासळी बाजार. टोपल्या, बर्फ, वाहतं पाणी.)

मासळी बाजाराचा कचरा वजनाला जड आणि बुळबुळीत. त्यात शिंगाळा माशाचा काटा निघतो. तो विषारी असतो, लागला की हात कोपरापर्यंत ठणकतो. सोसवेल इतक्या गरम पाण्यात हात बुडवून ठेवला की वेदना उतरते, पण काट्याचा तुकडा आत राहिला असेल तर तो डॉक्टरांकडूनच काढून घ्यावा. शहाळ्यांचा ढीग हा किनाऱ्यावरचा दुसरा त्रास. ओलं शहाळं किती जड असतं ते शंभर उचलल्यावर कंबर सांगते. दोघांनी मिळून घमेल्याने भरायचं, एकट्याने गोणी उचलायची नाही.

(दृश्य : वादळानंतरचं गाव. पडलेले माड, फुटलेले पत्रे.)

जून २०२० मध्ये निसर्ग वादळ रायगडच्या किनाऱ्यावर आलं, मे २०२१ मध्ये तौक्ते सिंधुदुर्गाला घासून गुजरातेत गेलं. दोन्ही वेळी पडवीचे आणि गोठ्याचे सिमेंटचे पत्रे रस्त्यावर आले. या पत्र्यांत ॲस्बेस्टॉस असतं. पत्रा गाडीत मावावा म्हणून घणाने फोडला की त्याचे डोळ्यांना न दिसणारे तंतू उडतात आणि फुफ्फुसात जाऊन बसतात. त्रास वीस-तीस वर्षांनी उपटतो, तेव्हा तो पत्रा कुणाच्या लक्षातही नसतो. हे पत्रे फोडायचे नाहीत. पाणी मारून ओले करायचे, अख्खे उचलायचे, तुकडे जाड प्लास्टिकमध्ये बांधायचे आणि ती जागा कोरड्या केरसुणीने झाडायची नाही. साधा कापडी मास्क इथे उपयोगाचा नाही.

पडझडीच्या ढिगात आणि चिऱ्यांच्या खाली फुरसं हा विषारी साप असतो, विंचू असतो. आधी काठीने हलवायचं, मग हात घालायचा. विंचूदंशावर महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी प्राझोसिन या औषधाचा उपचार रूढ केला, त्यामुळे हा दंश पूर्वीइतका जीवघेणा उरलेला नाही. रुग्णालयात मात्र वेळेवर पोचलं पाहिजे. फुरसं चावलं तर मांत्रिक नाही, पट्टी आवळणं नाही, थेट १०८ ची रुग्णवाहिका.

(दृश्य : कचरा प्रकल्प. हौदा वर उचललेला.)

डेपोवरची एक सवय मोडायलाच हवी. हौदा वर असताना खाली अडकलेला कचरा काढायला माणूस वाकतो. हायड्रॉलिकचा पाइप फुटला तर हौदा सावकाश येत नाही. लोखंडी टेकू लावल्याशिवाय त्याच्याखाली डोकं घालायचं नाही, आणि उचलण्याआधी वर वायर आहे का ते बघायचं.

वर्गीकरणाच्या शेडमध्ये बहुतेक बायका. जमिनीवर बसून, ढिगात हात घालून निवडतात. गमबूट मिळतात ते पुरुषांच्या मापाचे. हेच काम कमरेच्या उंचीच्या टेबलावर, चिमट्याने केलं तर पाठही वाचते आणि बोटंही. रामदास कोकरे मुख्याधिकारी असताना वेंगुर्ल्याने कचरा घरातच वेगळा करून घ्यायला सुरुवात केली आणि जुन्या डंपिंगच्या जागी लोक बघायला येतील असा प्रकल्प उभा केला. त्याचं कौतुक शहराच्या स्वच्छतेसाठी झालं. माझ्या मते त्याचा पहिला फायदा त्या टेबलापाशी उभ्या असलेल्या बाईला झाला, तिच्यापुढे येणाऱ्या कचऱ्यात काय आहे ते तिला आधीच माहीत असतं.

(दृश्य : मुकादमाची हजेरी वही.)

या वहीत हजेरी आहे, खाडे आहेत. कापलेलं बोट नाही, सुई टोचल्याची तारीख नाही. कामावर इजा झाली तर भरपाई द्यायचा कायदा या देशात १९२३ सालीच झाला. पण इजा लिहिलेलीच नसेल तर मागायचं कशाच्या जोरावर? त्यातून माणूस कंत्राटी, उद्या ठेकेदार बदलला की वहीही बदलते. आणखी एक रकाना आखायचा : काय लागलं, कुठे, किती वाजता, कुठल्या दवाखान्यात नेलं. शेजारी दोघांच्या सह्या, आणि एक प्रत नगरपंचायतीत.

गणपतीला चाकरमानी आले की कचरा वाढतो, गाडी तीच आणि माणसंही तीच. पुढच्या वर्षीची निविदा निघेल तेव्हा तिच्यात गाड्या किती, फेऱ्या किती, टन किती हे सगळं असेल. गाडीवर माणसं किती आणि केबिनमध्ये बसायला जागा किती, हे नगरसेवकांनी सभेत विचारायला हरकत नाही.