दहा हजारांतले दोन कण

(लक्ष्मीपूजनाची रात्र. गावाबाहेरचं शेत. वर तारे.)

अमावस्येचं आकाश, रात्रीचे नऊ. थेट डोक्यावर चार ताऱ्यांचा मोठा चौकोन आहे, पेगासस म्हणजे महाश्व तारकासमूहाचा. त्यातली पश्चिमेची जोडी म्हणजे पूर्वा भाद्रपदा. या दोन ताऱ्यांच्या साधारण मधोमध, रेषेच्या किंचित पश्चिमेला नजर रोखा. अंधार चांगला असेल तर एक पुसट ठिपका हाती लागतो. 51 पेगासी, इथून 50 प्रकाशवर्षं.

1995 साली मिशेल मायोर आणि दिदिए केलो यांना फ्रान्समधल्या वेधशाळेतून या ताऱ्याभोवती एक ग्रह सापडला. गुरूच्या जातीचा, पण ताऱ्याला इतका खेटून फिरणारा, की दिवाळीच्या चार दिवसांत त्याचं अख्खं वर्ष उरकतं. असा वायूचा अवाढव्य गोळा ताऱ्याच्या इतक्या जवळ असेल, हे तेव्हा फारसं कुणाच्या ध्यानीमनीही नव्हतं. 2019 मध्ये दोघांना नोबेल मिळालं.

माझा जीव मात्र गुंतलाय याच तारकासमूहातल्या दुसऱ्या एका ताऱ्यात. त्याला धड नावही नाही, यादीतला नुसता क्रमांक: एचडी 209458. नुसत्या डोळ्यांना तो दिसत नाही, साधी द्विनेत्री लागते.

(छोटी दुर्बीण. भिंगाची कड अगदी जवळून.)

1999. हार्वर्डचा विद्यार्थी डेव्हिड शार्बोनो आणि त्याचे सहकारी टिम ब्राउन कोलोरॅडोतल्या बोल्डरमध्ये या ताऱ्यावर दुर्बीण रोखून होते. तिचा व्यास अवघा 10 सेंटिमीटर. आपल्याकडच्या कितीतरी हौशी निरीक्षकांच्या दुर्बिणी याहून मोठ्या असतात! सप्टेंबरातल्या एका रात्री ताऱ्याचा प्रकाश सुमारे दीड टक्क्यानं उतरला. आठवड्यानं पुन्हा तेच. साडेतीन दिवसांत एक फेरी मारणारा ग्रह ताऱ्यासमोरून सरकत होता. ग्रह कुणी पाहिला नाही. सापडली ती फक्त प्रकाशातली तूट.

आणि एवढ्या तुटीवरून त्या ग्रहाची हवा कशी कळते?

(गॅसची शेगडी. भाताचं आधण उतू जातंय.)

मीठ घातलेलं आधण उतू गेलं की निळी ज्योत क्षणात पिवळीधमक होते. तो पिवळा रंग मिठातल्या सोडियमचा. सोडियमची तापलेली वाफ हा रंग बाहेर टाकते, आणि तिच्या पाठीमागून ताऱ्यासारखा प्रखर प्रकाश येत असेल तर नेमका तोच रंग गिळते. ग्रह ताऱ्यासमोर येतो तेव्हा ताऱ्याचा थोडा प्रकाश ग्रहाच्या कडेच्या हवेतून गाळून आपल्याकडे पोचतो. त्या हवेत सोडियम असेल, तर तेवढ्या एका पिवळ्या रंगात ग्रह जरासा मोठा भासणार. सारा सीगर आणि दिमितार सासेलोव यांनी 2000 साली हे गणित मांडलं होतं.

शार्बोनो आणि सहकाऱ्यांनी अवकाशातल्या हबल दुर्बिणीतून तेच तपासलं. दहा हजार प्रकाशकण निघाले असं धरा. दीडशेच्या आसपास ग्रहानंच अडवले. सोडियमच्या रंगात आणखी दोन कमी भरले. दोनच! 2001 च्या नोव्हेंबरात बातमी जाहीर झाली: दुसऱ्या ताऱ्याच्या ग्रहाची हवा पहिल्यांदाच हाती लागली होती.

पण ताऱ्याच्या स्वतःच्या प्रकाशातही सोडियमच्या रेषा, म्हणजे गिळलेल्या रंगाच्या खुणा, असतात. तारा स्वतःभोवती फिरतो, त्याच्या कडेचा प्रकाश मध्यापेक्षा वेगळा असतो. त्यामुळे ग्रह ताऱ्याचा कुठला भाग झाकतो, त्यावरही या रेषा बदलतात. 2020 मध्ये जमिनीवरच्या दुर्बिणींनी याच ग्रहाच्या सोडियम रेषा फार बारकाईनं तपासल्या गेल्या, आणि त्यांतला निदान काही भाग ताऱ्याचीच करामत असावा, अशी शंका पुढे आली. वीस वर्षांनी कुणीतरी ते दोन कण पुन्हा मोजायला बसतं, याचं मला फार अप्रूप वाटतं. इतर तप्त ग्रहांच्या हवेत सोडियम सापडलंच आहे.

(आलेख. एक ठळक उंचवटा.)

जुलै 2022. अवकाशातली वेब दुर्बीण कन्या राशीतल्या वास्प-39बी या ग्रहाकडे वळली. अंतर सुमारे 700 प्रकाशवर्षं. तो प्रकाश तिथून निघाला तेव्हा संत नामदेव हयात होते. अवरक्त, म्हणजे तांबड्यापलीकडच्या न दिसणाऱ्या प्रकाशातला कुठला भाग किती अडला, त्याच्या आलेखात कार्बन डायऑक्साइडचा उंचवटा असा उभा राहिला, की शंकेला जागाच उरली नाही. शेजारी एक लहान उंचवटा होता, तो सल्फर डायऑक्साइडचा. फटाक्याच्या धुरात नाकाला झोंबतो तोच वायू. ताऱ्याचा प्रकाश तिथल्या पाण्याच्या वाफेचे रेणू फोडतो, त्या तुकड्यांची हवेतल्या गंधकाशी गाठ पडते आणि हा वायू तयार होतो. सूर्यप्रकाशामुळे आपल्या हवेत ओझोन घडतो, तसंच हे.

वास्प-39बीची एकच बाजू सदैव ताऱ्याकडे असते. तिथं सकाळ ही वेळ नाही, जागा आहे. एका कडेला कायमची पहाट, दुसऱ्या कडेला कायमची संध्याकाळ. 2024 मध्ये वेबच्याच नोंदींतून या दोन कडांची हवा वेगवेगळी मोजता आली. संध्याकाळच्या कडेला सुमारे 800 अंश सेल्सिअस. सकाळच्या कडेला 600. रात्रीच्या बाजूनं थंडावलेला वारा या कडेवरून दिवसाच्या बाजूला शिरतो, आणि तिथली सकाळ बहुधा ढगाळ असते.