इर्विनला किती फूट?

नमस्कार श्रोतेहो. आजचा विषय रोजचा ताणतणाव. पण आधी आमच्या गावभागातल्या काकांची गोष्ट सांगतो.

सांगलीकरांना वेगळं सांगायला नको, पावसाळ्यात आपल्याकडं एकच प्रश्न, "इर्विनला किती?" म्हणजे कृष्णेवरच्या इर्विन पुलापाशी पाणी किती फुटांवर. ४० फुटांना इशारा, ४५ ला धोका. २०१९ ला तर पाणी ५७ च्या वर गेलं. काकांच्या जिन्याच्या नवव्या पायरीवर त्या पाण्याची रेघ अजून आहे, त्यांनी तिच्यावर ऑइलपेंट मारलाय.

तेव्हापासून जुलै लागला की काकांचा मोबाइल हातातून सुटत नाही. कोयनेतून विसर्ग किती, पाऊस कुठं किती, रात्री दोनला उठून बघणार. त्यात व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर चार वर्षांपूर्वीचे व्हिडिओ 'आत्ताचे' म्हणून फिरवणारी मंडळी! त्यांना एकदा पुरातलं घर धुवायला लावलं पाहिजे.

तर एका रात्री पाणी होतं २२ फुटांवर. बावीस! आणि या गृहस्थानं गव्हाचं पोतं, मिक्सर, सातबारे, देव्हारा, सगळं एकट्यानं माळ्यावर नेलं. शेवटी सिलिंडर वर टेकवला आणि खाली येताना नेमके नवव्या पायरीवर बसले. छाती धडधडतेय, तोंडाला कोरड, तळहात ओले. काकू बॅटरी घेऊन आल्या. सगळं बघितलं आणि म्हणाल्या, "आता सकाळचा चहा कशावर करू?"

काका आधी चिडले, मग हसायला लागले. रात्री तीनला दोघं जिन्यात बसून भडंग खात होते. (हल्ली भडंगात साखर फार घालतात, हे जाता जाता.)

काकांची छाती उगाच नव्हती धडधडत. संकटाची चाहूल लागली की शरीर ॲड्रेनलिन सोडतं, नाडी वाढते. मागोमाग कॉर्टिसॉल येतं, रक्तात साखर वाढवतं. पळायला ताकद हवी ना! पण पाणी दारात असो नाहीतर नुसतं मोबाइलवर, शरीर तयारी तीच करतं. काका दिवसातून पन्नासदा बघायचे, म्हणजे पन्नासदा तीच तयारी.

दुसऱ्या दिवशी काकूंनी कॅलेंडरच्या मागं लिहून टाकलं. ३० फूट, कागदपत्रं वर. ३५, गहू. ४०, आपण विश्रामबागला लेकीकडं. आणि आकडा बघायचा सकाळी सातला, संध्याकाळी सातला. मधे मोबाइल पिठाच्या डब्यावर. लक्षात घ्या, काळजी बंद करा असं काकू म्हणाल्या नाहीत, तिला वेळ ठरवून दिली. पुन्हा सांगतो, वेळ ठरवून दिली. तुमच्याकडं पूर नसेल, कर्जाचा हप्ता असेल, मुलीची बारावी असेल. तिलाही वेळ ठरवून द्या.

मधेच धडधड झाली तर चार आकडे श्वास आत, सहा आकडे बाहेर. बाहेरचा लांब, म्हणजे नाडी उतरते. छातीत दुखतच असेल तर मात्र आकडे मोजू नका, दवाखाना गाठा. आणि आठवडेच्या आठवडे झोप नसेल तर टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर आहे. एक चार चार एक सहा. मोफत आहे, मराठीत बोलता येतं.

परवा दुपारी पाऊस लागला म्हणून मीच काकांना फोन केला. म्हटलं, "काका, इर्विनला किती?"

म्हणाले, "सातला फोन कर."