देह : आपला की आपणच?

श्रोतेहो, नमस्कार.

कठोपनिषदाने शरीराला रथ म्हटले आणि आत्म्याला त्या रथाचा स्वामी. ही कल्पना आपल्यात इतकी मुरली आहे की ‘आता शरीर साथ देत नाही’ असे म्हणताना शरीर वेगळे आणि आपण वेगळे, हे आपण सहज धरून चालतो. मला ते पुरेसे वाटत नाही.

ओहोटीच्या वेळी खाडीत तिसऱ्या, म्हणजे खाण्याच्या शिंपल्या, वेचणाऱ्या बायका पाहाव्यात. गढूळ पाण्यात डोळ्यांना काही दिसत नाही. चिखलात रुतलेली शिंपली तळपायाला कळते आणि शेजारणीशी चाललेले बोलणे न तुटता हात खाली जाऊन ती उचलतो. यात रथ कोणता आणि स्वामी कोणता? मॉरिस मेर्लो-पाँती या फ्रेंच तत्त्वज्ञाने १९४५ मध्ये हेच मांडले, की देह ही जगातली आणखी एक वस्तू नव्हे. जग आपल्याला कळते तेच देहामुळे.

असे असेल, तर देहाचा अपमान हा माणसाचाच अपमान ठरतो. २० मार्च १९२७ रोजी आपल्याच कोकणात, महाडला, डॉ. बाबासाहेब आंबेडकर चवदार तळ्याचे पाणी प्याले. तळे सर्वांना खुले असल्याचा नगरपालिकेचा ठराव आधीच झालेला होता, तरी अस्पृश्य मानलेल्या माणसाची ओंजळ त्या पाण्यापर्यंत पोहोचू दिली जात नव्हती. नंतर तर तळ्याचे ‘शुद्धीकरण’ही झाले. सर्वांभूती एकच आत्मा आहे, हे शुद्धीकरण करणाऱ्यांनाही तोंडपाठ असणार. विटाळ होता तो देहाचा.

वस्तूला किंमत असते आणि माणसाला प्रतिष्ठा, असे जर्मन तत्त्वज्ञ इमॅन्युएल कांटने १७८५ मध्ये लिहिले. पुढे तो हा विचार इतका ताणत गेला की दुसऱ्याच्या जबड्यात बसवण्यासाठी आपला दात देणे किंवा विकणे, हाही त्याला अंशतः आत्मघात वाटला. विक्रीपुरता आपला १९९४ चा मानवी अवयव प्रत्यारोपण कायदा त्याच्याच बाजूचा आहे. देण्याबाबत मात्र कांट मला पटत नाही. मुलाला मूत्रपिंड देणारी आई मालकीची वस्तू देत नसते, स्वतःतले काही देत असते. नुसती वस्तूच असती, तर ती विकायलाही कोणाची हरकत नसती. जवळचे नाते नसलेल्या दात्याला म्हणूनच समितीची परवानगी घ्यावी लागते आणि या देण्यामागे पैशाचा व्यवहार नाही ना, हे तिथे तपासले जाते.